हळदीच्या रानातली एरंडी

कृष्णेच्या काठाला, सांगलीपासून सायकलनं तासाभराच्या वाटेवर आमचा मळा होता आणि मळ्यातच घर. घरात आम्ही चौघंच होतो: आण्णा, आई, आण्णांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. आम्ही जैन, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असत. उन्हं हळदीच्या पानांवरून सरकत विहिरीपाशी गेली की आई तव्यावरची शेवटची भाकरी उतरवायची, आण्णा विहिरीवरचं इंजिन बंद करून हातपाय धुऊन यायचे, आणि दिवसभर कानाला सवय झालेला तो टुकटुक आवाज थांबला की घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटायचं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, वाडग्यात घट्ट दही. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. चातुर्मासात ती एकच वेळ जेवायची, पालेभाजी सोडायची, आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून झालं की ते फडकं विहिरीच्या पाण्यात हलक्या हातानं धुवायची. फडक्यात अडकलेला बारीकसा जीव परत आपल्या ठिकाणी जावा म्हणून. सगळ्याच घरांतून असं करतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

हळद हे आमचं मोठं पीक. ओली हळद आम्ही खात नव्हतो, जमिनीखालचा कंद म्हणून; पण शिजून वाळली की ती चालायची, आणि घर तिच्यावरच चालायचं. मी मॅट्रिकला गेले त्याच्या आदल्या वर्षी तिच्यात कंदमाशी पडली होती. ही माशी मी चांगली ओळखते. डासापेक्षा मोठी, मुंगळ्यासारखी काळी, अंगापेक्षा पाय लांब, पंखांवर करडे ठिपके. भादव्याच्या आगेमागे ती हळदीच्या बुडख्याशी फिरते, तिथं अंडी घालते, आणि अळ्या जमिनीतल्या गड्ड्यात शिरून तो आतून पोखरतात. वरून पान पिवळं पडलेलं दिसतं एवढंच. आदल्या साली आण्णांनी असा एक गड्डा उपटून माझ्या हातावर ठेवला होता. दाबला तर बोट सरळ आत गेलं आणि कुजका वास आला. निम्मं रान असंच निघालं. आण्णा रागावणारे नव्हते. ते गप्प व्हायचे, आणि त्या वर्षी ते फार दिवस गप्प होते. म्हणून यंदा त्यांनी सांगलीहून दाणेदार औषधाच्या पिशव्या आणल्या. त्यांवर लाल खूण होती आणि कवटी होती. हळदीला मातीची भर लावताना हे दाणे बुडख्याशी टाकायचे होते.

दाणे टाकायला गंगाक्काची टोळी आली. गंगाक्का मूळची मेढ्याकडची, डोंगरातली. लग्न होऊन इकडं आली आणि तिचा नवरा पलटणीत स्वयंपाकी म्हणून लागला. वर्षातून एकदा रजेवर यायचा. त्याची पत्रं ती माझ्याकडून वाचून घ्यायची. पत्र वाचताना ती माझ्यासमोर पाय दुमडून बसायची आणि एखादं वाक्य आवडलं की म्हणायची, "त्येच परत वाच, बाय." मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात ती आणि एक म्हैस. रानात मात्र दहा-बारा बायका तिच्या शब्दावर चालायच्या. मी त्या वर्षी मॅट्रिकला होते, शिकलेली म्हणून अशा कामावर देखरेखीला आण्णा मलाच ठेवायचे.

त्या दिवशी सकाळी निघताना आण्णांनी मला बजावलं होतं. "कुसूम, फडकी आन् साबण बांधावर घिऊन जा. हाताला फडकं बांधल्याबिगर कुणाला दाणा धरू दिऊ नगंस. काम झालं की हात धुऊन घ्यायचं, मगच भाकरी." मी हो म्हणाले. आईनं जुन्या धोतराची फडकी फाडून साबणाच्या वडीसकट स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवली होती. मी पाण्याची घागर नेली, औषधाच्या पिशव्या नेल्या, आणि एक वाचायला घेतलेली कादंबरी पदराखाली नेली. फडकी आणि साबण कोनाड्यातच राहिले. बांधावर गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं. घर काही लांब नव्हतं. गंगाक्कानं विचारलंसुद्धा, "हाताला कायतरी बांधायचं म्हणत हुतं न्हवं आण्णा?" पश्चिमेला ढग चढत होते. मी म्हणाले, "राहू दे आता, पाऊस यायच्या आत उरकून घ्या." एवढंच बोलले मी. पुढं आयुष्यात पुष्कळ बोलले, वर्गात, सभांतून, घरात; पण माझी कुठली वाक्यं मला जशीच्या तशी आठवतात असं कुणी विचारलं तर त्यात हे पहिलं येईल.

बायकांनी ओंजळीनं दाणे घेतले आणि सऱ्यांत शिरल्या. दुपार कलल्यावर निम्म्या रानाचं काम संपलं. पाऊस आलाच नाही. बायकांनी घागरीच्या पाण्यात हात बुचकळले आणि सावलीला बसल्या. गंगाक्कानं कनवटीची डबी काढून बोटावर मशेरी घेतली आणि हिरड्यांवरून फिरवत माझ्याशी बोलत राहिली. नवऱ्याचं पत्र यायचं राहिलंय, म्हैस गाभण हाय, असलंच काहीतरी. थोड्या वेळानं ती थुंकली, परत थुंकली. म्हणाली, "तोंडाला लय पाणी सुटाया लागलंय बघ." मग तिला ओकारी झाली. तिचं कपाळ घामानं भिजलं, आणि दंडाचं मांस कातड्याखाली आपोआप उडायला लागलं. बायका म्हणाल्या ऊन लागलं असंल, कांदा हुंगवा. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. मी पळत आण्णांकडं गेले.

संध्याकाळचं दूध घेऊन सांगलीला जाणारी गाडी तेवढ्यात सडकेला लागली होती. आण्णांनी मधोमध उभं राहून ती थांबवली. दुधाच्या कॅनच्या मध्ये पोतं अंथरून गंगाक्काला निजवली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. शहाणपणाची म्हणून एकच गोष्ट माझ्या हातून झाली: निघताना मी औषधाच्या पिशवीवरचा छापील कागद फाडून मुठीत धरला होता. गाडी उसळली की कॅन एकमेकांवर आदळायचे, आणि तिच्या तोंडातून फेसाळ लाळ माझ्या साडीवर यायची. तिचा श्वास घरघरत होता. मी तो मोजायचा प्रयत्न करत होते, आणि मध्येच तो थांबल्यासारखा झाला की माझाही थांबायचा. आण्णा समोर बसून कॅन पायानं अडवून धरत होते.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, वाचला आणि लगेच इंजेक्शन मागवलं. मग मान वर न करता विचारलं, "हे हातानं टाकलं? नंतर हात नीट धुतले होते?"

आण्णा म्हणाले, "व्हय, साबण दिला हुता. हाताला फडकीबी बांधली हुती."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे मी दुजोरा द्यावा म्हणून. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

डॉक्टर इंजेक्शनं देत राहिला. एक दिलं की बाहुल्या बघायचा, छातीला नळी लावायचा, परत एक द्यायचा. गंगाक्का सुधारत नव्हती. घरघर कमी व्हायची आणि परत वाढायची. डॉक्टर स्वतःशीच म्हणाला, "अजून कुठून अंगात जातंय हे?" बऱ्याच वेळानं एका वयस्कर नर्सनं तिचा हात उचलून नाकाशी नेला, मग तिची बोटं पालथी-उताणी करून नखं बघितली. नखांत दाण्यांची पूड बसली होती. "डॉक्टर, हे धुतलेलं नाही," ती म्हणाली. मग धावाधाव झाली. तिची साडी उतरवली, साबणानं हात, तोंड, अंग धुतलं, हिरड्या पुसून काढल्या. डॉक्टरनं आण्णांकडं एकदाच बघितलं. आण्णा मान खाली घालून म्हणाले, "बाया ऐकत न्हाईत, साहेब." मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते. तेव्हाही मी बोलू शकले असते.

गंगाक्का वाचली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, तिसऱ्या दिवशी पेज घेतली. दहा-बारा दिवस तिथं राहून ती अशक्तपणा भरून यावा म्हणून लेकीकडं गेली. तिची म्हैस आम्ही आमच्या गोठ्यात आणून बांधली. आणि नवऱ्याला कळवायला पाहिजे म्हणून आण्णांनी मला पत्र लिहायला बसवलं. मी सगळं लिहिलं, दुधाची गाडी, इंजेक्शनं, नर्सनं कसं ओळखलं तेसुद्धा. साबण माझ्यामुळं कोनाड्यात राहिला ते लिहिलं नाही. पत्राला त्याचं उत्तर आलं ते इतकं आभाराचं होतं की मी ते वाचून झाल्यावर पुस्तकात खोल सरकवून ठेवलं.

आता एरंडीचं सांगते. आमच्या आत्याचं एक ठरलेलं काम असे: एरंडीच्या बिया भाजून, उखळात कुटून, पाण्यात उकळून तिचं तेल काढायचं. डोक्याला, दिव्याला, लहान मुलांच्या पोटाला, गाडीच्या आसाला, सगळ्याला ते चालायचं. गंगाक्काला नेलं त्याच दिवशी आत्यानं कुटलेली एरंडी पसरट मडक्यात पाणी घालून गोठ्यामागं ठेवली होती, संध्याकाळी उकळायची म्हणून. त्या गडबडीत सगळ्यांनाच तिचा विसर पडला. आठ-नऊ दिवसांनी गोठ्यामागून असा काही वास यायला लागला की आई म्हणाली, काहीतरी मेलेलं असेल, बघ जा. मी नाकाला पदर लावून गेले. मडक्यात करडी, बुडबुडणारी खळ झाली होती. ती ओतून टाकायला मी मडकं तिरकं केलं आणि थांबले. वर मेलेल्या माश्यांचा थर होता. काडीनं एक बाहेर काढून पानावर ठेवली. लांब पाय, करडे ठिपके. दुसरी काढली, तिसरी काढली. घरमाश्या होत्या, चिलटं होती, पण निम्म्याहून जास्त कंदमाश्या होत्या. हळदीचं रान मडक्यापासून वीस पावलांवर होतं.

ते पान तसंच घेऊन मी आण्णांकडं गेले. ते गोठ्यात बसून उरलेल्या रानाचा विचार करत असावेत, कारण निम्म्या हळदीला दाणे टाकायचे राहिले होते आणि बायका आता पिशवीला हात लावायला तयार नव्हत्या. आण्णा हातापायाला पोती गुंडाळून स्वतः टाकणार होते, आणि त्यावरून आई दोन दिवस जेवली नव्हती. त्यांनी पानावरच्या माश्या एकेक करून बघितल्या.

"कुठं गावल्या?"

मी सांगितलं. ते उठून मडक्यापाशी गेले, उकिडवे बसले आणि त्या वासात बराच वेळ बसून राहिले. त्यांच्यादेखत एक माशी मडक्याच्या काठावर उतरली, लांब पायांनी दोन-चार पावलं चालली आणि आत पडली.

"उरलेल्या निम्म्यात दाणे टाकू नका, आण्णा," मी म्हणाले. "मडकी ठेवून बघू."

"आन् न्हाई जमलं तर? गेल्या वर्साचं बघितलंस न्हवं?"

"आठ दिवस द्या."

त्यांनी आठ दिवस दिले. ते माझ्यावर विश्वास ठेवून दिले की आईच्या उपासामुळं, ते मला अजून माहीत नाही.

मी घरातली, शेजारची सात मडकी गोळा केली, एरंडी भरडून पाण्यात घातली आणि रानात ठेवून आले. दुसऱ्या दिवशी एकही माशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पाण्याला वासच नव्हता. जुनं मडकं आठ दिवस कुजलं होतं हे मला आधीच सुचायला हवं होतं, पण आठ दिवस तर मी सगळे मिळून मागून घेतले होते. रानात गेलं की पानापानाखाली त्या माश्या फिरताना दिसायच्या, आणि प्रत्येक माशी किती अंडी घालत असेल याचा हिशेब मी मनात करायची. चौथ्या दिवशी सकाळी आई दुधाला विरजण लावत होती. ते बघता बघता मी उठले, जुन्या मडक्यातली वाटी-वाटीभर घाण प्रत्येक नव्या मडक्यात घालून आले. दुसऱ्याच दिवसापासून मडकी बुडबुडायला लागली. आण्णा म्हणाले, गूळ घाल, लवकर आंबंल. मी गूळ घातला आणि त्या दुपारी मडक्यांवर मधमाश्या आल्या. संध्याकाळी मोजल्या तर एकेका मडक्यात पंचवीस-तीस मधमाश्या बुडालेल्या. आत्यानं त्या बघितल्या आणि ती तिथंच बांधावर बसली.

"पाण्यातला जीव जाऊ नये म्हणून मी फडकं धुती," ती म्हणाली, "आन् तू मडकी भरून जीव मारायलीस."

"मग आण्णांचे दाणे चालतील?" मी जरा उर्मटपणेच विचारलं.

खाली पडलेली एक मधमाशी अजून हलत होती, ती आत्यानं काडीवर घेऊन पानावर सोडली. "दाण्यानं मातीतलं काय काय मरतंय ते दिसत न्हाई, एवढंच," ती म्हणाली. "गंगी तेवढी दिसली." मग उठून पदर झटकत म्हणाली, "गुळाचं सगळं पाणी वतून टाक. नुसती एरंडीच ठेव. लागंल तेवढी मी कुटून देती. मी तेलासाठी कुटती, तू तिचं काय करतीस ते मला सांगू नगंस."

त्यानंतर ती रोज कुटायची. मडक्याला तिनं कधी हात लावला नाही, आणि कुटायचं कधी थांबवलं नाही. गुळाशिवायच्या मडक्यांत मधमाश्या आल्या नाहीत. कंदमाश्या मात्र आल्या. सातव्या दिवशी मडकी गाळून मी माश्या एका सुपात ओतल्या आणि आण्णांना दाखवल्या. आण्णांनी आणखी आठ दिवस दिले.

त्या दुसऱ्या आठ दिवसांतला एक दिवस. दुपारी आई धापा टाकत आली आणि म्हणाली, म्हैस सुटलीय. मी रानाकडं धावले. गंगाक्काची म्हैस हळदीत उभी होती. एक मडकं कलंडून फुटलेलं होतं आणि तिचं नाकाड ओलं होतं. एरंडीचा चोथा जनावराला विष आहे हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मी गेले पंधरा दिवस जिला बिनविषारी बिनविषारी म्हणत होते ती एरंडी, आणि ही म्हैस गाभण, आणि गंगाक्काची. मी आण्णांना हाक मारली. आण्णांनी तिला दाव्यानं ओढत गोठ्यात नेलं, आणि आत्यानं ताकाची घागर आणली. आण्णांनी तिचं तोंड वर धरलं, आत्यानं बांबूच्या नळीनं ताक आणि पाणी घशात ओतलं, मी खालून जबडा धरला होता. किती प्यालीय, नुसतं हुंगलंय, काही कळायला मार्ग नव्हता. सायकलवर जाऊन आण्णा जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आले. तो म्हणाला, आता वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी म्हैस पातळ शेणायला लागली. वैरणीला तोंड लावेना. कान पडले. मी शाळेत गेले नाही. तिच्यासमोर पाटीत हिरवा घास धरून बसायची आणि तिचा जबडा हलतो का बघत राहायची. आण्णा एकदाच गोठ्याच्या दाराशी आले. "गंगीला काय तोंड दाखवायचं मी?" असं ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, दाराच्या चौकटीशी बोलल्यासारखं. त्या क्षणी मला साबणाचं सांगून टाकावं असं इतकं वाटलं की माझे ओठ हलले. पण ते वळून गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं हाक मारली. म्हैस बसली होती आणि तिचा जबडा संथपणे बाजूला फिरत होता. रवंथ करत होती. मी तिच्या मानेला मिठी मारून रडले; ती माझ्याकडं न बघता रवंथ करत राहिली.

त्याच संध्याकाळी आण्णांनी मडकी उचलायला सांगितली. मी उचलायला निघाले तेव्हा आत्या घरामागून जुन्या विरलेल्या बुट्ट्या घेऊन आली. बुरडाकडून आणलेल्या बांबूच्या टोपल्या, तळाला भोकं पडलेल्या. "ह्या पालथ्या घाल," ती म्हणाली, "वर धोंडा ठेव. माशी आत जाईल, म्हस कशी जाईल?" आण्णांनी एक बुट्टी मडक्यावर पालथी घालून, धोंडा ठेवून, पायानं ढकलून बघितली. मग दुसरी घेतली.

आज कुणी मला विचारलं की ते बिनविषारी होतं का, तर मी नाही म्हणते. ज्याला मारायचं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लागू नये एवढी काळजी घेता येईल असं ते होतं. आणि काळजी घ्यायला माणूस लागतं. पुढं शेतकीतली माणसं गावोगाव हीच एरंडीची मडकी सांगायला लागली तेव्हा मला आनंद झाला, पण ती आमच्याच गोठ्यामागं सापडली असं मी कधी म्हटलं नाही. कुणास ठाऊक आणखी किती घरांत कुणाची एरंडी उकळायची राहून गेली असेल.

माघात हळद काढायला घेतली. आण्णा कुदळीनं वरंबे फोडायचे, बायका माती झाडून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायच्या. दोन्ही निम्म्यांचे ढीग वेगळे लावले होते. मडक्यांच्या बाजूलाही किडके गड्डे निघाले, निघाले नाहीत असं नाही. पण आदल्या वर्षी पाटी-पाटीनं निघाले होते तसे नव्हते. दाण्यांच्या बाजूपेक्षा ते जास्त की कमी, हे आण्णांनी दोन वेळा ढीग फिरवून बघितलं आणि दोन्ही वेळा त्यांना सांगता येईना. शेवटी ते म्हणाले, "पुढच्या वर्सी सगळ्या रानात मडकीच." बस्स, एवढंच. पण यंदा ते गप्प झाले नाहीत.

त्या दिवशी गंगाक्का दुखण्यानंतर पहिल्यांदाच कामाला आली होती. बारीक झाली होती, बाकी तशीच. सगळ्या बायका तिच्याभोवती बसून हळद मोडत होत्या. मी तिच्याशेजारी बसले. कितीतरी वेळ मी एकाच गड्ड्याची माती काढत होते. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. कोनाडा, साबण, कादंबरी, ढग, आणि दवाखान्यात मी मान कशी हलवली ते.

गंगाक्कानं हातातलं काम थांबवलं. मी तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस केलं. ती आठवायचा प्रयत्न करत होती असं दिसलं.

"मला त्या दिसाचं कायबी आठवत न्हाई, बाय," ती म्हणाली. "सकाळी घरातनं निघाली एवढं ठावं हाय. मग एकदम दवाखान्याचं छत. तू काय म्हणलीस, मी काय म्हणलं, कायबी न्हाई." हातातला गड्डा खाली ठेवून ती म्हणाली, "मी तुला काय म्हणू आता? मला ठावंच न्हाई तर." मग तिनं समोरच्या बायकांकडं बघितलं. "पर ह्यास्नी सांग. ह्या दुसऱ्यांच्या रानात जात्यात, दाणं टाकायला. ह्यास्नी कुणी सांगितल्यालं न्हाई, साबण कशापायी लागतो त्ये. उभी ऱ्हा आन् सांग."

मी उभी राहिले. बारा बायकांनी माना वर केल्या. पलीकडच्या वरंब्यावर आण्णांची कुदळ चालू होती आणि माझा आवाज तिथपर्यंत जाईल हे मला माहीत होतं. मी सांगितलं. साबण कशाला, फडकं कशाला, मशेरी का लावायची नाही. आणि त्या दिवशी हे सगळं घरात होतं, मी आणलं नाही, आणि कामाला घाई केली ती मी. बोलता बोलता कुदळीचा आवाज थांबला. एका बाईनं विचारलं, "नुसत्या पाण्यानं हात धुतलं तर चालत न्हाई व्हय?" मी म्हणाले, "नाही." दुसरीनं विचारलं, "आन् साबण मालकानं दिलाच न्हाई तर?" मी गंगाक्काकडं बघितलं. गंगाक्का म्हणाली, "तर दाणं टाकायचं न्हाईत. परत यायचं."

आण्णा सरीतून चालत आले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. ते गंगाक्कासमोर थांबले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि म्हणाले, "गंगाबाई, डॉक्टरास्नी मी सांगितलं हुतं. साबण दिलाय, फडकी बांधल्यात, म्हणून. पोरीला न इचारता सांगितलं. आन् नंतर बाया ऐकत न्हाईत असंबी म्हणलं. त्ये खोटं हुतं."

गंगाक्का गोंधळली. आण्णांनी तिला कधी गंगाबाई म्हटलं नव्हतं. ती उठायला लागली तर आण्णा म्हणाले, "बस, बस." आणि ते स्वतःच खाली बसले, मातीत, बायकांच्या गोलात जागा करून, आणि समोरच्या ढिगातला एक गड्डा उचलून हळद मोडायला लागले.